युनिया बाई होती, मग तिचा पुरुष कसा झाला?

वसईची_वाचक

मी आमच्या चर्चमध्ये गेली बरीच वर्षं वाचन करते. मराठी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, पहिलं वाचन माझ्याकडे आलं की आदल्या रात्री घरी दोनदा मोठ्यानं वाचून बघायची सवय आहे. एका नोव्हेंबरात शनिवारचं वाचन नव्या करारातल्या, संत पौलानं लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या १६ व्या अध्यायातलं होतं. तोच अध्याय, ज्यात पौल एकामागून एक नावं घेऊन सलाम सांगतो. सातव्या ओवीत अंद्रोनीक आणि युनिया आले. माझे नातेवाईक, माझ्याबरोबर तुरुंगात होते, प्रेषितांमध्ये (ख्रिस्ताचा संदेश घेऊन पाठवलेल्या पहिल्या पुढाऱ्यांमध्ये) नावाजलेले, माझ्याआधी ख्रिस्तात होते, असं पौल त्यांच्याबद्दल म्हणतो.

वाचता वाचता अडखळले. युनिया बाई की बुवा? मराठी वाक्यातून कळायला मार्गच नाही. 'ह्यांना', 'त्यांचे', 'ते होते' यात दोन पुरुषही बसतात आणि एक बाई-एक पुरुषही बसतात. घरात वडिलांचं जुनं इंग्रजी बायबल आहे, १९४६ च्या नव्या करारावरून छापलेलं. ते उघडलं तर त्यात चक्क 'प्रेषितांमधले नामवंत पुरुष' अशा अर्थाचे शब्द आणि नाव 'युनियास'. त्याहून कितीतरी जुन्या, १६११ च्या इंग्रजी बायबलात मात्र 'युनिया'. म्हणजे आधी बाई आणि मग पुरुष! तेव्हापासून हे डोक्यातून जाईना. जे जमलं ते वाचलं, ते इथे मांडते.

मूळ ग्रीकमध्ये नाव द्वितीयेत आहे : 'युनियान'. सर्वांत जुनी हस्तलिखितं सलग मोठ्या अक्षरांत आहेत, आघाताच्या खुणा नाहीत. खुणा पुढच्या शतकांत आल्या. 'नि'वर आघात दिला तर ते स्त्रीचं नाव, युनिया. शेवटच्या 'या'वर वळणदार खूण दिली तर 'युनियास' या पुरुषाचं. अक्षरं तीच, एक खूण इकडची तिकडे.

आता पुरावा बघा. 'युनिया' हे रोममधलं अगदी नेहमीचं बाईचं नाव, तिथल्या शिलालेखांत अडीचशेहून जास्त वेळा सापडतं. 'युनियास' हे पुरुषाचं नाव त्या शिलालेखांत एकदाही नाही. खुणा घातलेल्या हस्तलिखितांमध्येही जवळपास सगळीकडे ती स्त्रीलिंगी खूण आहे. चौथ्या शतकातला मोठा उपदेशक योहान ख्रिसोस्तम, ज्याची मातृभाषाच ग्रीक, तो या ओवीवर प्रवचन करताना म्हणतो की प्रेषित म्हणवून घ्यायच्या योग्यतेची ठरली, तर या बाईचं शहाणपण केवढं असेल! हा ख्रिसोस्तम काही बायकांनी शिकवावं असं म्हणणारा नव्हता, म्हणून त्याची साक्ष मला जास्त मोलाची वाटते.

तेराव्या-चौदाव्या शतकातला धर्मपंडित, रोमचा एजिडियस, मात्र या दोघांनाही पुरुष म्हणतो. मग लूथरच्या जर्मन बायबलात नाव पुल्लिंगी झालं. जगभरचे भाषांतरकार जी छापील ग्रीक आवृत्ती समोर ठेवतात, नेस्त्लेची, तिच्यात सुरुवातीला स्त्रीलिंगी खूण होती. १९२७ च्या आवृत्तीत ती बदलून पुल्लिंगी झाली आणि १९९८ पर्यंत तशीच छापली जात राहिली. ७१ वर्षं. त्या काळात कुणाला नवं हस्तलिखित सापडलं म्हणून हा बदल झालेला नाही. बाई प्रेषित असू शकत नाही, तेव्हा हा पुरुषच असणार, एवढाच तर्क त्यामागे होता.

मला याचा त्रास होतो. देवाच्या वचनात एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, आणि इथे एका तुरुंगवास भोगलेल्या बाईचं बाईपण पुसून गेलं.

तुम्हाला काय वाटतं? आणि मराठीत हे कसं वाचायचं?

खडूफळा

फार चांगला धागा. मी शाळेत मराठी शिकवतो, ख्रिस्ती नाही, पण व्याकरणाच्या अंगाने एक भर घालतो. ताईंना जी अडचण आली ती आपल्या भाषेच्या रचनेतली आहे. मराठीत तीन लिंगे आहेत, ग्रीकप्रमाणेच. पण अनेकवचनात विभक्ती लागली की लिंग झाकले जाते : त्यांना, त्यांचे, ह्यांनी. त्यात पुरुष आणि बाई एकत्र आले की क्रियापद बहुतेकदा 'होते' असे पुल्लिंगी येते. ग्रीकमध्येही नेमके असेच आहे ना? मिश्र गट असला की पुल्लिंगी?

वसईची_वाचक

हो सर, अगदी तसंच. त्या ओवीतली 'नातेवाईक', 'नावाजलेले' ही ग्रीक रूपं मिश्र जोडीलाही लागतात. त्यामुळे सगळा भार त्या एका नावावर येतो.

नगरचा_उपदेशक

ताई, आपण अभ्यास करून लिहिले आहे, त्याचा आदर आहे. मी निवृत्त शिक्षक आहे आणि चाळीस वर्षे मंडळीत उपदेश करीत आलो. दोन गोष्टी स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

पहिली. युनिया स्त्री होती हे मला मान्य आहे. पण 'प्रेषितांमध्ये नावाजलेली' याचा अर्थ 'प्रेषितांना चांगली माहीत असलेली' असाही होऊ शकतो. २००१ मध्ये दोन अभ्यासकांनी ग्रीक उदाहरणे देऊन हेच मांडले आणि त्याच वर्षी आलेल्या एका इंग्रजी भाषांतरानेही तसाच अर्थ घेतला.

दुसरी. आजकाल पौलाच्या पत्रांतली 'बंधुजनहो' ही हाक काढून 'बंधुभगिनींनो' घालण्याची टूम निघाली आहे. माझ्या आईने मला मांडीवर घेऊन 'बंधुजनहो' वाचून दाखवले. तिला कधी वाटले नाही की हे पत्र तिच्यासाठी नाही. पवित्र शास्त्रात जो शब्द आहे तो तसाच राहावा. काळ बदलला म्हणून वचन बदलत नाही.

वसईची_वाचक

काका, राग कसला, तुमच्यासारख्यांनी लिहावं म्हणूनच धागा काढला.

पहिल्या मुद्द्यावर एवढंच म्हणते, की ख्रिसोस्तम ती भाषा घरात बोलत होता. त्याला तो शब्दप्रयोग 'प्रेषितांपैकी नावाजलेली' असाच ऐकू आला. आणि एक लक्षात घ्या : युनिया पुरुष आहे असं मानलं जात होतं तेव्हा त्या शब्दांच्या अर्थावर कुणी फारसा वाद घातला नाही. ती बाई आहे हे नक्की झालं आणि मग 'प्रेषितांमध्ये'चं 'प्रेषितांना माहीत' होऊ लागलं. वेळ जुळून आली असेल, पण मला ती खटकते.

'बंधुजनहो'चं म्हणाल तर ग्रीक शब्द 'अदेल्फोई'. फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय काढा. पहिल्याच ओवीत पौल 'अदेल्फोई' अशी हाक मारतो आणि लगेच दुसऱ्या ओवीत युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांना नाव घेऊन एकमताने राहा म्हणून विनवतो. त्याच्या हाकेत त्या दोघी होत्याच.

खडूफळा

इथे मराठीकडे एक शब्द आहे जो पुष्कळ भाषांकडे नाही : भावंडे. नपुंसकलिंगी. 'आम्ही पाच भावंडे' म्हटले की त्यात बहिणी किती, भाऊ किती, कुणी विचारत नाही. तुम्ही सांगता तो 'अदेल्फोई' म्हणजे बरोबर भावंडेच. इंग्रजीला 'ब्रदर्स अँड सिस्टर्स' असे दोन शब्द जोडावे लागतात आणि मग काका म्हणतात तसे कुणी म्हणते की हा शब्द वाढवला. आपल्याला वाढवावे लागणार नाही.

तसेच 'माणूस'. एकवचनी पुल्लिंगी, पण 'माणसे' म्हटले की नपुंसकलिंगी आणि त्यात सगळे. गडीमाणूस, बाईमाणूस असे आपण बोलतोच. ग्रीकमध्येही माणसाला आणि पुरुषाला वेगवेगळे शब्द असतील ना?

वसईची_वाचक

आहेत! 'आंथ्रोपोस' म्हणजे माणूस आणि 'आनेर' म्हणजे गडीमाणूस. इंग्रजीनं कित्येक वर्षं दोन्हीसाठी 'मॅन' वापरलं आणि अर्धा गोंधळ तिथूनच सुरू झाला. 'भावंडे' मात्र मला सुचलंच नव्हतं. तरी हाक मारताना 'भावंडांनो' म्हणता येईल का? माझ्या कानाला थोडं परकं वाटतं. समोर बसलेल्या बायांकडे बघून म्हणून बघायला हवं.

दर्याकाठची

मी मूळची मालवणची, आता मडगावला असते. लिंगाचा विषय निघालाय म्हणून सांगते. आमच्याकडे मुलीला नपुंसकलिंग लागतं. 'चेडूं आयलां' असं म्हणतात. घाटावरची माणसं ऐकून चकित होतात, की मुलीला 'ते' कसं म्हणता? पण त्यात मुलीला कमी लेखणं नाही, भाषेची ती रीतच आहे. लाडाचाच सूर असतो त्यात.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला उठवतो. 'तलीथा कूम' हे येशूच्या बोलीतले, अरामी शब्द मार्क तसेच ठेवतो आणि पुढे ग्रीक अर्थ देतो. त्यात मुलीला जो शब्द आहे तो 'कोरासिओन', आणि तो नपुंसकलिंगी आहे! आमच्या चेडवासारखाच. मला हे कळलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तो घरात शिरला, तिचा हात धरला आणि म्हणाला, 'चेडवा, ऊठ'. ही ओवी मी आता दुसऱ्या कुठल्याही भाषेत ऐकूच शकत नाही.

आणि गंमत नव्हे, खरी गोष्ट : काही हस्तलिखितांत 'कूम' आहे तर काहींत 'कूमी'. अरामीत बाईला ऊठ म्हणायचं तर 'कूमी' लिहायचं. बोलण्यात शेवटची 'ई' गळून जायची. म्हणजे 'कूम' हे लोकांच्या तोंडचं आणि 'कूमी' हे व्याकरणशुद्ध. नक्कल करणाऱ्या कुणीतरी व्याकरण नीट केलं असणार.

अक्षरवेडी

जर्मनीत शिकते, जुन्या भाषा हाच विषय आहे. दर्याकाठचीताई, तुमचं उदाहरण मी माझ्या वर्गात सांगणार आहे. इथेही 'मेडशेन', म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगीच. व्याकरणातलं लिंग आणि देहाचं लिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. भिंत स्त्रीलिंगी आणि दरवाजा पुल्लिंगी, हे आपण खेळता खेळता शिकतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे पवित्र आत्मा. हिब्रूमधला 'रूआख' बहुतेक ठिकाणी स्त्रीलिंगी. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात पाण्यावर जी हालचाल आहे तिथलं क्रियारूप स्त्रीलिंगी आहे, आणि तेच क्रियापद जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात पिल्लांवर घिरट्या घालणाऱ्या गरुडासाठी येतं. ग्रीक 'प्नेउमा' नपुंसकलिंगी. लॅटिन 'स्पिरितुस' पुल्लिंगी. मराठीतला 'आत्मा' संस्कृतातून आलेला, पुल्लिंगी, म्हणून आपला पवित्र आत्मा 'उतरला', 'बोलला'. संत जेरोमनं यशयावर भाष्य लिहिताना हीच गोष्ट नोंदवली आहे : हिब्रूत स्त्री, लॅटिनमध्ये पुरुष, ग्रीकमध्ये दोन्ही नाही, कारण देवत्वाला लिंग नसतं.

पण व्याकरण फक्त व्याकरणच राहतं असंही नाही. सिरियाक ही अरामीची बोली, केरळातल्या जुन्या ख्रिस्ती उपासनेतही ती आहे. तिच्यात आत्म्याचा शब्द 'रूहा', स्त्रीलिंगी. चौथ्या शतकात पारशी साम्राज्यात राहणारा अफ्राहात लिहितो की लग्न न झालेला पुरुष देव जो त्याचा बाप आणि पवित्र आत्मा जी त्याची आई, या दोघांवर प्रेम करतो. 'जी त्याची आई'! हे एखाद्या बंडखोर पंथाचं लिखाण नाही, सनातनी मंडळीतलं आहे. भाषेनं वाट दाखवली आणि भक्ती त्या वाटेनं गेली. सुमारे इसवी सन ४०० नंतर मात्र सिरियाक लेखक रूहाला पुल्लिंगी क्रियापदं लावू लागले. शब्दाचं रूप तेच, क्रियापद पुरुषाचं. आपण 'नदी वाहतो' म्हणावं तसं. ग्रीक जगाचं वजन वाढत गेलं तसा हा बदल पक्का होत गेला. योहानाच्या शुभवर्तमानातल्या 'शब्दा'चंही तेच. सिरियाक 'मेल्ता' स्त्रीलिंगी, जुन्या भाषांतरात क्रियापदंही स्त्रीलिंगी, नंतरच्या 'पेशित्ता' या प्रमाण सिरियाक भाषांतरात पुल्लिंगी.

इजिप्तमध्ये नाग हम्मादीला १९४५ मध्ये सापडलेल्या ग्रंथांत 'फिलिपचं शुभवर्तमान' आहे. त्यात एक वाक्य येतं : मरिया पवित्र आत्म्यापासून गर्भवती झाली असं म्हणणारे चुकतात, बाईपासून बाई कधी गर्भवती झाली आहे का? ग्रंथ कॉप्टिक या इजिप्तच्या जुन्या भाषेत आहे, पण हा युक्तिवाद फक्त अरामी किंवा सिरियाक कानालाच पटेल. मराठीत हे वाक्य तळटीप दिल्याशिवाय कळणारच नाही.

नगरचा_उपदेशक

अक्षरवेडी बाळ, तू लिहिलेले दोनदा वाचले. अफ्राहातविषयी मला माहीत नव्हते.

परंतु माझी शंका कायम आहे आणि तीही एका शब्दाविषयी आहे. गलतीकरांस पत्र, चौथा अध्याय. पौल म्हणतो तू आता दास नाहीस तर पुत्र आहेस, आणि पुत्र आहेस तर वारसही आहेस. त्याचा शब्द 'हुयोथेसिया', पुत्र म्हणून दत्तक घेणे. रोमन लोक दत्तक घेत ते बहुधा घराण्याला वारस हवा म्हणून, पुरुषाला. आपल्याकडेही सातबाऱ्यावर नाव कुणाचे लागत असे ते सर्वांना माहीत आहे. पौल गलतीयातल्या दासींना आणि बायकांनाही 'पुत्र' म्हणतो म्हणजे काय? तुमचेही नाव उताऱ्यावर लागले, असे सांगतो. तिथे तुम्ही गुळगुळीत 'लेकरे' घातले की हा हक्काचा दस्त नाहीसा होतो. माझ्या आईला वडिलांच्या जमिनीतला एक गुंठा मिळाला नाही. तिला 'पुत्र' या शब्दात जे मिळाले ते 'लेकरू' म्हणून मिळाले नसते.

वसईची_वाचक

काका, हे मी कधीच असं बघितलं नव्हतं. पटलं. तिथे 'पुत्र'च राहिला पाहिजे, आणि वाचताना तो ठसक्यात वाचला पाहिजे.

तरीही एक जोडते. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, सहाव्या अध्यायाच्या शेवटी पौल जुन्या करारातलं वचन घेतो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात नाथान संदेष्टा दाविद राजाला त्याच्या मुलाविषयी देवाचं वचन सांगतो : मी त्याचा बाप होईन, तो माझा पुत्र होईल. पौल ते लिहितो तेव्हा 'तुम्ही माझे पुत्र व कन्या व्हाल' असं होतं. 'कन्या' हा शब्द शमुवेलात नाही. म्हणजे ऐकणाऱ्यांत बायका आहेत हे बघून शब्द उघडून दाखवायची रीत पौलाच्या पत्रातच आहे. 'बंधुभगिनींनो' म्हणणारे मग वाट सोडून चाललेत असं कसं म्हणू?

आणि गलतीकरांसच्या तिसऱ्या अध्यायातली ती प्रसिद्ध ओवी. यहूदी नाही आणि ग्रीक नाही, दास नाही आणि स्वतंत्र नाही, पण तिसऱ्या जोडीला ग्रीक वाक्य बदलतं : 'नर आणि नारी' नाही. 'नाही-नाही'च्या जागी 'आणि' येतं, कारण ते शब्द उत्पत्तीतून उचललेले आहेत, देवाने त्यांना नर आणि नारी असे निर्माण केले. पुष्कळ भाषांतरांत हा फरक सपाट होतो.

अक्षरवेडी

आता एक मराठीच्या बाजूनं. ही माझी सर्वांत आवडती ओळ आहे.

उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या रोमन शहरात ७ मार्च २०३ ला पर्पेतुआ नावाच्या ख्रिस्ती तरुणीला तिच्या श्रद्धेसाठी रिंगणात मारलं. वय सुमारे २२, पदरात दूध पिणारं मूल. तुरुंगात तिनं स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवलेलं आपल्यापर्यंत आलं आहे. आदल्या दिवशी तिला दर्शन झालं : रिंगणात एका धिप्पाड इजिप्तच्या माणसाशी तिला लढायचं आहे. तिचे कपडे काढतात, आणि ती लिहिते, 'फाक्ता सुम मास्कुलुस'. इंग्रजीत 'मी पुरुष झाले' आणि 'मी पुरुष झालो' यांत फरकच करता येत नाही. लॅटिनमध्ये 'मास्कुलुस' पुल्लिंगी आहे पण 'फाक्ता' हे क्रियारूप स्त्रीलिंगी. ती लिहिताना बाईच आहे. मराठीत हे एका मात्रेत येतं : मी पुरुष झाले. 'झालो' नव्हे, 'झाले'.

पुढे दर्शनभर सगळे तिला बाई म्हणूनच संबोधतात. जिंकल्यावर पंच म्हणतो, 'मुली, तुला शांती असो.'

नाग हम्मादीच्याच ग्रंथांतल्या थोमाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या वचनात पेत्र म्हणतो, मरियेला आपल्यातून जाऊ द्या, आणि येशू म्हणतो मी तिला पुरुष करीन. ते वाचून माझा जीव कळवळतो. पुरुष होणं म्हणजे पूर्ण होणं, अशी त्या जगाची भाषा होती. पर्पेतुआनं तीच भाषा हातात घेतली आणि क्रियापद मात्र स्वतःचं ठेवलं.

नर्सताई_कोल्हापूर

मी अभ्यासक नाही. सगळं वाचलं, काही समजलं, काही परत वाचीन. रोमकरांस १६ च्या सुरुवातीलाच जिचं नाव येतं त्या फिबीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

माझी आजी बायबल वूमन होती. पायी गावोगाव जायची, बायकांना अक्षरं शिकवायची, बाळंतपणं करायची, मरणाच्या घरी प्रार्थना चालवायची. कागदोपत्री ती 'सेविका'. तेच काम करणारे पुरुष 'उपदेशक', त्यांना घर आणि पगार वेगळा. तिनं कधी तक्रार केली नाही, पण तिच्या पेटीत बायबलात रोमकरांस १६ च्या पानावर धाग्याची खूण होती. आपल्या बायबलात तिथे फिबीला सेविका म्हटलंय. लेकीनं मला दाखवलं की मूळ शब्द 'दियाकोनोस' आहे, तोच जो पौल स्वतःसाठी आणि अपुल्लोस या दुसऱ्या उपदेशकासाठी वापरतो. खरं का हे?

वसईची_वाचक

खरं आहे ताई. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तोच शब्द. तेव्हा त्याचं वेगळं स्त्रीलिंगी रूप प्रचारात नव्हतं, 'दियाकोनिस्सा' नंतर आलं, ते ३२५ च्या निकिया परिषदेच्या नियमांत दिसतं. फिबीला पौल किंख्रियाच्या मंडळीची 'दियाकोनोस' म्हणतो, वर 'प्रोस्तातिस' म्हणतो, म्हणजे पुष्कळांची आणि त्याची स्वतःचीही आश्रयदाती. किंख्रिया हे करिंथचं बंदर.

सुमारे ११२ साली प्लिनी हा रोमन अधिकारी सम्राट त्रायानला कळवतो की ख्रिस्ती लोकांची माहिती काढायला त्यानं दोन दासींचा छळ केला, ज्यांना त्यांची मंडळी 'मिनिस्त्रे' म्हणत. लॅटिनमध्ये 'दियाकोनोस'चा तोच अर्थ. त्या दोघींची नावंही त्यानं लिहिली नाहीत.

आणि एक सांगायचं राहिलं. शनिवारच्या त्या वाचनाची नेमलेली सुरुवात तिसऱ्या ओवीपासून होते. फिबी पहिल्या दोन ओव्यांत आहे. तुमच्या आजीनं जिथे धागा ठेवला तो भाग चर्चमध्ये त्या दिवशी वाचलाच जात नाही.

नगरचा_उपदेशक

नर्सताई, तुमच्या आजीबाईंसारख्या एका बायबल वूमननेच माझ्या आईला वाचायला शिकवले. हे मी वर लिहायला हवे होते.

पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खे बायबल साध्या मराठीत आणले. त्यांच्या मुक्ती आश्रमातल्या मुलींनी खिळे जुळवून ते छापले. बाई १९२२ मध्ये गेल्या, बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. मराठीत वचन आणण्याचे काम बाईच्या हातचे आहे आणि मी इथे बाईंना वचन कसे वाचावे ते सांगत होतो.

काल रात्री वही घेऊन बसलो. मूळ धाग्यातला प्रश्न असा होता की मराठीत युनिया कशी वाचायची. काही वाढवायचे नाही आणि काही लपवायचेही नाही, ही माझी अट. 'ह्यांना' मध्ये लिंग झाकते, खडूफळा सरांनी सांगितले. मग अनेकवचन करूच नये. दोघांना वेगळे घ्यावे :

'अंद्रोनीक ह्याला आणि युनिया हिला सलाम सांगा.'

वसईची_वाचक

'हिला'. काका, वाचनाच्या वहीत लिहून घेतलं.

खडूफळा

उत्तम. पुढच्या वाक्यात 'ते दोघे' करा, 'ते' एकटे ठेवू नका.

नगरचा_उपदेशक

केले. आणि वाचन पहिल्या ओवीपासून सुरू करण्याविषयी आपल्या फादरांशी एकदा बोलून पाहा.